‘प्रोजेक्ट ए’: हाणामारीतला विनोद बघायचा तर इथून सुरुवात करा

हाँगकाँगच्या मारधाड-विनोदपटांपैकी पहिला कोणता बघावा? १९८३चा ‘प्रोजेक्ट ए’. दिग्दर्शक आणि नायक जॅकी चॅन, जोडीला सॅमो हंग आणि युएन बियाओ. तिघेही लहानपणी हाँगकाँगमध्ये यू जिम-युएन यांच्या पेकिंग ऑपेराच्या, म्हणजे पारंपरिक चिनी संगीत नाटकाच्या शाळेत एकत्र घडले. कोलांट्या, हत्यारं, गाणं, अभिनय, सगळं तिथे घोटून घेतलं जाई. म्हणून यांच्या मारामारीत विनोद वरून पेरावा लागत नाही. तो अंगातच आहे.

गोष्ट ब्रिटिश अमलातल्या हाँगकाँगची: समुद्री चाचे, त्यांच्या मागावरचं सागरी दल आणि या दलाचं पोलिसांशी असलेलं हाडवैर. मधल्या भागात कथानक रेंगाळतं, तेवढं सोसावं लागतं.

सुरुवातीची दोन दलांतली मारामारी मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. चॅन आणि बियाओ एकमेकांवर खुर्च्या फोडतात. चेहऱ्यावर काहीच नाही. मग दोघं खांबाआड जातात आणि तिथे कळवळतात. फटका, थांबा, मग वेदना असा हा ताल. थांबा जरा तोकडा पडला तर नुसती मारामारी उरते, लांबला तर हसू विरतं. शिवाय कॅमेरा मागे आहे, मारणारा आणि मार खाणारा एकाच चौकटीत दिसतात. हल्लीचे बरेच मारधाडपट इथेच फसतात: प्रत्येक फटक्याला कट, त्यामुळे कोणाला कुठे लागलं हे कळेपर्यंत पुढचा शॉट आलेला असतो.

घड्याळाच्या मनोऱ्याचा प्रसंग मूकपटांतला विनोदवीर हॅरॉल्ड लॉइड याच्या १९२३च्या ‘सेफ्टी लास्ट’ची आठवण करून देतो. लॉइड काट्याला लटकतो, पण जमिनीवर पडत नाही. चॅन पडतो! दोन कापडी छतं फाडत थेट खाली. हे पडणं लागोपाठ दोनदा दाखवलंय, दोन वेगळ्या टेकमधून. हसता हसता पोटात गोळा येतो, आणि या प्रकारच्या सिनेमाची खरी ओढ मला तरी तीच वाटते.

शेवटी तिघं मिळून चाच्यांच्या म्होरक्याशी भिडतात. डिक वेईने तो जराही विनोदी केलेला नाही, हे फार बरं झालं. समोरचा खरोखर घातक असला, तरच नायकांच्या धडपडीला हसू येतं.

बघताना कँटोनीज, म्हणजे हाँगकाँगच्या भाषेतला आवाज आणि सबटायटल्स निवडा. इंग्रजी डबिंगमध्ये संवादांचा ताल बिघडतो. कँटोनीजमध्येही ओठ कधी कधी जुळत नाहीत, तो प्रतीचा दोष नव्हे. त्या काळी हाँगकाँगमध्ये आवाज नंतर स्टुडिओतच भरत. चित्र पूर्ण रुंदीचं, २.३५:१ आहे ना, ते तपासा. जुन्या टीव्हीच्या मापात कापलेल्या प्रतीत कडेचा माणूस गायब होतो आणि त्याच्याबरोबर अर्धा विनोदही. श्रेयनामावली आली की बंद करू नका, तिथे फसलेले टेक दाखवलेत.