अतिसूक्ष्म अंतरावरचे गुरुत्वाकर्षण: न्यूटनचा नियम की जादा मिती?

खानापूर तालुक्यातल्या आमच्या मराठी शाळेत बेळगाव बासमतीचे दोन दाणे टेबलावर शेजारी ठेवून मी मुलांना विचारतो, "हे एकमेकांना ओढतात का?" ओढतात, अंतर निम्मे झाले की ओढ चौपट होते. हा न्यूटनचा नियम अतिसूक्ष्म अंतरावरही टिकतो का, यावर दोन पक्ष आहेत. पहिला पक्ष म्हणतो की कणांपर्यंत हाच नियम चालतो, आणि म्हणून दोन प्रोटॉनांमधले गुरुत्वाकर्षण त्यांच्या विद्युत प्रतिकर्षणापुढे, एकावर छत्तीस शून्ये इतक्या पटीने, दुबळेच राहते.

दुसरा पक्ष अर्कानी-हामेद, दिमोपोलस आणि द्वाली या भौतिकशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये मांडला: अवकाशाला लांबी, रुंदी, उंचीखेरीज गुंडाळलेल्या आणखी दोन मिती, म्हणजे दिशा, असतील, तर त्यांच्या आकाराहून कमी अंतरावर ओढ चौपट न होता सोळापट वाढेल. मला हा विचार अधिक मोलाचा वाटतो, कारण गुरुत्वाकर्षण दुबळे का आहे याचे कारण तो देऊ पाहतो.

मोजमाप मात्र पहिल्याच्या बाजूने आहे. बारीक तारेला टांगलेली चकती, तिच्याखाली फिरणारी दुसरी आणि मध्ये विद्युत बल अडवणारा धातूचा पातळ पडदा, अशा उपकरणावर वॉशिंग्टन विद्यापीठात २०२० मध्ये ५२ मायक्रोमीटरपर्यंत, म्हणजे साधारण केसाच्या जाडीइतक्या अंतरापर्यंत, जुनाच नियम खरा उतरला. त्याहून आत विद्युत बलेच गुरुत्वाकर्षणाला झाकोळून टाकतात.