दिवाणी कोर्टात एआय: आधी साक्षीला की भाषांतराला?

तालुक्याच्या दिवाणी कोर्टात एआय पहिल्यांदा कोणत्या कामाला लावावं, यावर बारच्या, म्हणजे वकील संघाच्या, बैठकीत मत द्यायचं झालं तर माझं ठरलेलं आहे. आधी साक्ष नोंदवायला, मग भाषांतराला. निकाल लिहायला मात्र नको.

साक्षीपासून सुरुवात करू. सरतपास, म्हणजे साक्षीदाराचं स्वतःच्या बाजूचं म्हणणं, आता शपथपत्रावर होतो; कोर्टाचा वेळ लागतो तो उलटतपासाला, म्हणजे विरुद्ध बाजूच्या वकिलाच्या प्रश्नांना. वकील विचारतो, साक्षीदार उत्तर देतो, न्यायाधीश त्याचं वाक्य करून स्टेनोला सांगतात. "हे म्हणणे खरे नाही की..." हा साचा तर आपल्या सगळ्यांना पाठ आहे. यात वेळ जातो आणि साक्षीदाराचा मूळ शब्दही हरवतो. एखादा म्हातारा म्हणतो, "बांध व्हता, पण ह्यांनी नांगरला." कागदावर येतं, "सध्या बांध अस्तित्वात नाही." बांध कोणी मोडला हेच गळालं, आणि हद्दीच्या दाव्यात सगळं भांडण तर त्यावरच असतं. केरळमध्ये १ नोव्हेंबर २०२५ पासून कनिष्ठ न्यायालयांत साक्षी एआयच्या मदतीने नोंदवणं सक्तीचं झालं. तिथली भाषा मल्याळम. आपल्याला वेगळी परीक्षा घ्यावी लागेल. अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी बोलणारे साक्षीदार यंत्रासमोर उभे करा, 'पोटखराबा', 'आणेवारी', 'फेरफार' हे जमिनीच्या कागदांतले शब्द नीट उतरतात का बघा.

तरीही हे काम मी पहिलं धरतो, कारण इथली चूक लपत नाही. साक्ष वाचून दाखवली जाते, मग सही होते. दोन्ही वकील, न्यायाधीश आणि खुद्द साक्षीदार समोर असताना चुकलेला शब्द तिथल्या तिथे दुरुस्त होऊ शकतो.

भाषांतराची गरज कमी नाही. खालच्या कोर्टाचं रेकॉर्ड मराठीत, उच्च न्यायालयाचं कामकाज इंग्रजीत. अपिलात गेलेल्या शेतकऱ्याला कागदपत्रांच्या भाषांतराचा खर्चच जड जातो. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये 'सुवास' हे भाषांतराचं सॉफ्टवेअर आणलं आणि निकाल मराठीतही मिळू लागले, ही मोठी सोय आहे. पण इथली चूक पटकन दिसत नाही, कारण वाचणाऱ्यापुढे बहुधा एकच भाषा असते. 'लीव्ह ग्रँटेड' म्हणजे अपिलाला परवानगी. शब्दाला शब्द ठेवणारं यंत्र तिथे 'रजा मंजूर' लिहील आणि निदान ते हास्यास्पद म्हणून लक्षात येईल. 'वहिवाट'चं काय? कुठे तो जमिनीचा कब्जा असतो, कुठे रस्त्याचा वापर. यंत्राने चुकीचा अर्थ धरला तरी इंग्रजी वाक्य सुबकच दिसणार. म्हणून जबाबदार अनुवादकाची सही नसलेला मजकूर अपिलाच्या कागदांत घेऊ नये.

एआयच्या मदतीने एकसारखे दावे हाताळण्याचा प्रयोग जर्मनीत झाला आहे. फ्रँकफर्टच्या कोर्टात 'फ्राउके' नावाची प्रणाली विमान उशिराच्या भरपाईच्या दाव्यांतून उड्डाणाचा तपशील काढून देते. ते दावे एका साच्याचे असतात. आपल्याकडच्या वाटपाच्या दाव्यात प्रत्येक घराची वंशावळ वेगळी, म्हणून तालुका पातळीवर याचा उपयोग मला थोडाच दिसतो.

निकालाबद्दल केरळ उच्च न्यायालयाने जुलै २०२५ च्या धोरणात स्पष्ट मनाई केली: निष्कर्ष, दाद, आदेश किंवा निकाल ठरवायला एआय वापरायचं नाही. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने आयकर आकारणीचा एक आदेश रद्द केला; त्यात आधाराला घेतलेले निवाडे अस्तित्वातच नव्हते, आणि एआय असे निवाडे रचून देऊ शकतं. तालुक्यात ज्याचा निकाल असा लागेल, त्याला ही चूक शोधून वर जाण्याइतका पैसा कुठून आणायचा?

तेव्हा बारने साक्षीच्या नोंदीला होकार द्यावा, पण एका अटीवर: मूळ ध्वनिमुद्रण कोर्टाच्याच ताब्यात राहावं आणि अपिलाचा निकाल लागेपर्यंत पुसलं जाऊ नये. जिल्हा न्यायालयात अपिलाला ३० दिवसांची मुदत असते, अपील मात्र वर्षानुवर्षं चालतं. तेव्हा साक्षीदार हयात नसेल, त्याचा आवाज तरी असायला हवा.