मंजू माई की पार्वती? मत एकच असेल तर

२०२४ च्या सिनेमांतल्या उत्तम कामांना मत देण्यासाठी यादी करायला बसलात आणि सहाय्यक अभिनेत्रीच्या रकान्यात छाया कदम यांचं नाव पक्कं केलंत, तरी पेच उरतोच. भूमिका कुठली? किरण राव यांच्या ‘लापता लेडीज’मधली मंजू माई, की पायल कपाडिया यांच्या ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’मधली पार्वती? काहींनी ही, काहींनी ती लिहिली की मतं फुटतात आणि तिसरीचं फावतं.

मंजू माई पहिल्या झटक्यात आवडते. स्टेशनवर चहाची टपरी, मारझोड करणाऱ्या नवऱ्याला आणि मुलाला हाकलून दिलेलं, आणि आता पदरात आलेली चुकामूक झालेली नवरी, फूल. टाळ्यांची वाक्यं तिच्याच वाट्याला आहेत. छाया कदम ती टाळ्यांसाठी म्हणत नाहीत, हे त्यांचं मोठं श्रेय. फूलच्या हातावर तिच्या कामाचे पैसे ठेवते तेव्हा बघा: कौतुक आहे, पण लाड नाहीत. माझी कुरकुर एवढीच की या बाईला सगळं आधीपासूनच कळलेलं आहे. निम्मं काम संवादांनीच उरकलंय.

पार्वतीला असा आधार नाही. ती मुंबईतल्या हॉस्पिटलात स्वयंपाकी, गिरणी कामगाराची विधवा. खोली बिल्डरच्या घशात चाललीय आणि तिथे इतकी वर्षं राहिल्याचा एकही कागद हाताशी नाही. ही गोष्ट लालबाग-परळच्या माणसाला नव्यानं सांगायला नको. इथे रडारड सहज खपली असती. छाया कदम चिडचिड, थट्टा आणि थकवा यांवरच भागवतात. हॉस्पिटलातल्याच नर्स प्रभासोबत बिल्डरच्या जाहिरातफलकावर दगड मारते ते शाळकरी पोरीसारखं, खिदळत. पुढे रत्नागिरीकडे गावी परतल्यावर दारूच्या घोटासोबत दुसऱ्या नर्सबरोबर, अनूबरोबर, नाचते, तेव्हा ही हरून आलेली बाई आहे हे आपण विसरतो.

‘कोकणातली मराठी बाई करणं त्यांना काय कठीण?’ असं कुणी म्हणेल. मला ते उलट वाटतं. चाळीतली बाई आपण नाटक-सिनेमात ढिगानं पाहिलीय; कंबरेला पदर खोचून हातवारे करणारी. ती टाळायची म्हणजे सवयीशीच भांडण. प्रभाशी बोलतानाची तिची हिंदीसुद्धा खास मुंबईच्या मराठी बाईची आहे, आणि ती मराठी कानालाच नीट पकडता येते.

सिनेमांचं भांडण मात्र या रकान्यात आणू नका. ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ला कान महोत्सवात ग्राँ प्री, म्हणजे तिथला दुसऱ्या क्रमांकाचा पुरस्कार मिळाला; ‘लापता लेडीज’ भारतातर्फे ऑस्करला गेला आणि निवडलेल्या पंधरा सिनेमांच्या यादीतही आला नाही. यातल्या कशानंही अभिनय उंच किंवा बुटका होत नाही. फिल्मफेअरनं छाया कदम यांना पुरस्कार दिला तो मंजू माईसाठी. समजण्यासारखं आहे. ‘लापता लेडीज’ घराघरात पोचला होता.

माझं मत पार्वतीला. पण तुमच्याकडे निकष ‘आठ दिवसांनी कोण आठवतं’ असा असेल, तर मंजू माई लिहा, वाद घालणार नाही. आणि विनोदी भूमिकेचा वेगळा रकाना असलाच, तर ‘मडगाव एक्स्प्रेस’मधली त्यांचीच कंचन कोंबडी तिथे डोळे झाकून टाका.