रोगलाइकमध्ये हिशोबाने निवडावं की नशिबावर सोडावं?

रोगलाइक, म्हणजे दर वेळी नव्याने मांडला जाणारा आणि हरलं की पहिल्यापासून सुरू करावा लागणारा खेळ, जरा अंगवळणी पडला की हा प्रश्न हमखास येतो. दर वेळी सगळ्यात भक्कम पर्याय घ्यायचा, की काही निवडी मुद्दाम नशिबावर सोडायच्या, मग पदरात कमकुवत काही पडलं तरी? माझं मत आधीच सांगून टाकते: सुरुवात नशिबावर सोडावी, पुढचं डोकं मात्र आपलंच चालवावं.

हिशोबी खेळाची ताकद 'स्ले द स्पायर' या कार्डांनी लढायच्या खेळात स्वच्छ दिसते. लढाई जिंकली की तीन कार्डं समोर येतात. एक घ्या किंवा तिन्ही सोडा. असेन्शनच्या, म्हणजे खेळ अवघड करत नेणाऱ्या २० पायऱ्यांपैकी वरच्या पायऱ्यांवर नको ते एक कार्डही बॉससमोर महागात पडतं. सलग जिंकण्याचा ध्यास असेल तर याच वाटेने जा. पण कुणीतरी लावलेली कार्डांची क्रमवारी पाठ झाली की प्रत्येक रन, म्हणजे सुरुवातीपासूनचा एक पूर्ण डाव, त्याच दोन-तीन बिल्डकडे (कार्डांच्या ठरलेल्या जुळणीकडे) वळते आणि निवड करण्यातला विचारच संपतो.

उलट, सगळंच फाशांवर सोडलं तर काय होतं? कार्ड, वाट, दुकानातली खरेदी, सगळं. पहिली काही मिनिटं गंमत वाटते. नंतर हरलो तरी का हरलो ते कळत नाही आणि जिंकलो तरी त्यात आपलं काही नसतं. या खेळांचा जीव निवडींतच आहे. त्या काढून घेतल्या तर उरतं ते नुसतं बघत बसणं.

खरी मजा यांच्या मधे आहे. १९८७ सालच्या 'नेटहॅक'मध्ये तुमचं पात्र खेळालाच निवडू देता येतं. १३ भूमिका आहेत. वाल्किरी ही दणकट योद्धी मिळाली तर सुरुवात सोपी जाते. टूरिस्ट मिळाला तर हातात डार्ट, कॅमेरा, नकाशा दाखवणारे स्क्रोल (जादूचे कागद) आणि हजारापर्यंत कितीही नाणी, अंगात ताकद जवळजवळ नाहीच. वर दुकानदार त्याला नवखा बघून एक-तृतीयांश जास्त भाव लावतात. मग पाळीव प्राण्याला पुढे घालून लढायचं, कॅमेऱ्याच्या फ्लॅशने राक्षसांना आंधळं करायचं, पात्राची स्वतःची लेव्हल पहिलीच असताना मंदिर गाठता आलं तर पुजाऱ्याला ४०० नाणी देऊन संरक्षण मिळवायचं. वाल्किरीने खेळताना यातलं बरंच काही कधी सुचतही नाही, कारण गरजच पडत नाही.

'स्ले द स्पायर'मध्येही अशी सोय आहे. सुरुवातीला कधीकधी आपलं रेलिक, म्हणजे रनभर फायदा देणारी वस्तू, देऊन एखादं बॉस रेलिक यादृच्छिक घेता येतं. आयर्नक्लॅड या पात्राचं रेलिक दर लढाईनंतर ६ हेल्थ परत देतं. ते जातं आणि समजा हाती येतं स्नेको आय हे बॉस रेलिक. आता आपली पाळी आली की दर वेळी दोन कार्डं जास्त मिळतात, पण उचललेल्या प्रत्येक कार्डाची किंमत ० ते ३ मध्ये कुठेही पडते. पाठ केलेली क्रमवारी इथे उलटीपालटी होते. ३ एनर्जीचं, ३२ डॅमेज करणारं ब्लजन कधी फुकट पडतं, तर शून्य किमतीची कार्डं ओझं होतात. दर पाळीला हातातली कार्डं नव्याने जोखावी लागतात, आणि यासाठीच तर आपण हा खेळ उघडतो.

नुकतीच सुरुवात केली असेल तर पात्र खुशाल नशिबाने घ्या, पण कार्डं आणि आयटम स्वतः निवडा, नाहीतर काय कशाला जुळतं ते कधीच उमगणार नाही. बऱ्याच रन झाल्या असतील आणि कंटाळा येत असेल तर पहिली एक-दोन निवड फाशांवर सोडा. रन अर्ध्या-एक तासाची असेल तर हा जुगार स्वस्त आहे. कित्येक तास चालणाऱ्या खेळात मात्र तेवढा निवांत वेळ असेल तेव्हाच करा.

एक अट पाळाच: सुरुवात आवडली नाही म्हणून रन सोडून पुन्हा फासे टाकायचे नाहीत. तसं केलं की तुम्ही परत हिशोबानेच निवडताय, फक्त जास्त वेळ घालवून. 'बाइंडिंग ऑफ आयझॅक'च्या रीबर्थमध्ये ईडन हे पात्र यादृच्छिक आयटम घेऊन येतं, आणि त्याने खेळायला एक टोकन खर्च करावं लागतं, जे आधी मॉम्स हार्ट या बॉसला हरवून कमवावं लागतं. दुसऱ्या खेळांत असं टोकन नसतं, तिथे हा नियम स्वतःच घालून घ्यावा लागतो.