जुना पितळी कार्बाइड दिवा: उजेड एक नंबर, चुना दोनदा

अमेरिकेत केंटकीत राहायला आल्यापासून इथल्या मॅमथ केव्ह या अवाढव्य गुहेला तीनदा जाऊन झालं आणि दरवेळी परत येताना डोक्यात एकच किडा, की गुहेत उतरणारे जुने लोक आत बघायचे तरी कशाच्या जिवावर. म्हणून गेल्या महिन्यात एका फ्ली मार्केटमध्ये पितळी कार्बाइड लॅम्प दिसला तो ४५ डॉलर मोजून उचलला. विकणारा म्हणाला एकदम वर्किंग. त्याचं नाव घेत नाही, पण कसलं वर्किंग, घरी मागच्या अंगणात पेटवला तर पुढून पेटायच्या ऐवजी कमरेलाच पेटला!! दोन भाग जोडतात तिथलं रबरी वॉशर पार दगड झालेलं, सगळा गॅस तिथूनच बाहेर. पाणी बंद केलं आणि फरशीवर ठेवून लांब उभा राहिलो.

आता वस्तूबद्दल. चारेक इंचाची, मुठीत मावते. खालच्या डबीत कार्बाइडचे खडे, वर पाण्याची टाकी, वरची दांडी सरकवली की पाणी थेंब थेंब खाली पडतं, ॲसिटिलीन गॅस होतो आणि रिफ्लेक्टरच्या मधल्या बारीक तोटीतून बाहेर येतो. पेटवायची स्टाइल तर लाजवाब, रिफ्लेक्टरवर तळहात दाबून दोन सेकंद गॅस साठू द्यायचा आणि मग हात झटक्यात बाजूला ओढताना चकमकीचं चाक फिरवायचं, फट्ट आवाज येतो आणि बोटभर पांढरीशुभ्र ज्योत. मला जमायला पंधरा-वीस वेळा लागले, तळहाताला वास अजून येतोय.

वासावरून आठवलं, आई-बाबा सध्या इकडे आलेत, मी कार्बाइडचा डबा उघडला तर बाबा आतून ओरडले, अरे आंबे कुठे पिकायला घातलेस? तोच माल आहे तो, आपल्याकडे बंदी असूनही आंब्यांच्या पेटीत पुड्या सापडतात ना तोच. १८९२मध्ये नॉर्थ कॅरोलिनात थॉमस विल्सन नावाचा माणूस विजेच्या भट्टीत भलतंच काहीतरी बनवायला गेला आणि हे हाती लागलं. मग सायकलींना, खाणकामगारांच्या टोपीला आणि तिथून गुहेत उतरणाऱ्यांच्या डोक्यावर.

त्याआधीचं ऐकलं तर हा दिवा म्हणजे चैन वाटते. मॅमथ केव्हचा स्टीफन बिशप, गुलाम होता, १८३८मध्ये सतराव्या वर्षी त्याला गाइडच्या कामाला लावलं आणि त्या पोराने डुकराच्या चरबीच्या तेलावरचा मिणमिणता दिवा घेऊन तो बॉटमलेस पिट नावाचा खड्डा पार केला, जिथे तोवर सगळे मागे फिरायचे. १८४२मध्ये नकाशा काढला तो आठवणीतून! आणि फ्रान्समधला नॉर्बेर कास्तरे मोंतेस्पाँच्या गुहेत पाण्याखालून बुडी मारून पलीकडे गेला, मेणबत्ती आणि काड्या रबराच्या टोपीत कोंबून. १९२३मध्ये तिथे मातीचं हजारो वर्षांपूर्वीचं अस्वल सापडलं. मी टॉर्चचा सेल संपला तर संडासला जाताना दहादा विचार करतो.

उजेडाचं म्हणाल तर एलईडीसारखा एका ठिपक्यात भोसकत नाही, सगळीकडे सारखा मऊ पसरतो, अंगणाचं कुंपण, झाड, माझे स्वतःचे पाय सगळं एकदम दिसलं. वर ऊबही देतो, गार गुहेत हात शेकायला लोक वापरायचेच. ९ सप्टेंबर १९७२ला शेजारच्या फ्लिंट रिज गुहेकडून शिरलेल्या टीमला पाण्यातून चालता चालता समोर मॅमथ केव्हच्या टूरिस्ट वाटेचं रेलिंग दिसलं आणि दोन गुहा एकच आहेत हे कळलं, ते असल्याच दिव्यांच्या उजेडात. आज तिची मोजलेली लांबी ४२० मैलांच्या वर आहे.

तोटे भरपूर. एका भरणीत दोन-तीन तास, तोटी सारखी तुंबते (माझ्यात आतला गॅस गाळणारा नमद्याचा, म्हणजे फेल्टचा तुकडाच नव्हता त्यामुळे जास्तच, बारीक तार खिशात ठेवा), वारा आला की फडफड. आणि शेवटी डबीत उरतं ते पांढरं पीठ म्हणजे चक्क चुना. आईने लगेच विचारलं पानाला चालेल का. आई, नाही चालणार. पूर्वी लोक तो गुहेतच ओतून यायचे, ती घाण अजून काही ठिकाणी दिसते म्हणे, आता सगळं पिशवीत भरून बाहेर आणावं लागतं. म्हणजे मला एक चुना विकणाऱ्याने लावला आणि दुसरा दिव्याने दिला.

नवीन वॉशर आणि नमदा मिळून नऊ डॉलर, त्यानंतर मात्र मख्खन चालतोय. शोभेला आणि अंगणात खेळायला घ्या, ट्रेकला मुकाट्याने एलईडी न्या. घेताना दोन्ही भाग उघडून वॉशर नखाने दाबून बघा, नख रुतलं नाही तर भाव पाडा. दिव्याला साडेचार स्टार, विकणाऱ्याला एक, तोही त्याने पिशवी फुकट दिली म्हणून.