शब्दांविना गोष्ट की यमकांची गोष्ट?

अंगणवाडीच्या वयाच्या मुलांना चित्रपुस्तकावरून केलेला ॲनिमेशनपट दाखवायचा असेल, तर ‘द स्नोमॅन’ (१९८२) आणि ‘द ग्रुफॅलो’ (२००९) हे जवळपास अर्ध्या तासाचे दोन्ही चित्रपट विचारात घेण्याजोगे आहेत.

‘स्नोमॅन’चे रेमंड ब्रिग्ज यांचे १९७८ चे मूळ पुस्तकच शब्दविरहित आहे. चित्रपटातही सुरुवातीचे छोटे निवेदन आणि मधले एक गाणे सोडल्यास संवाद नाहीत. त्यामुळे घरी वऱ्हाडी किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलाला भाषेची आडकाठी येत नाही, आणि शेजारी बसलेल्या आजीला ‘पाय बाबू, कसा उडून रायला’ असे आपल्या बोलीत सांगता येते. रंगीत खडूंनी काढल्यासारखी चित्रे पुस्तकाशी इमान राखतात. गारपिटीपलीकडे बर्फ न पाहिलेल्या मुलांना हिममानव म्हणजे काय हे आधी समजावून द्यावे लागेल, आणि शेवटी तो वितळतो तेव्हा मोठे माणूस जवळ असलेच पाहिजे.

‘ग्रुफॅलो’तील जंगल, उंदीर, कोल्हा, घुबड आणि साप मेळघाटातल्या वा गडचिरोलीतल्या मुलांना परके नाहीत. मात्र ज्युलिया डोनाल्डसन यांच्या कथेचा प्राण इंग्रजी यमकांत आहे. ती न कळल्यास ग्रुफॅलो नावाच्या अक्राळविक्राळ प्राण्याची भीती घालून इतरांना पळवणाऱ्या उंदराची चतुराई, जी सगळी त्याच्या बोलण्यातच आहे, हातची निसटते.

तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी माझी निवड निःसंशय ‘स्नोमॅन’ आहे. पहिली-दुसरीतल्या मुलांना मात्र गोष्ट आधी मराठीत रंगवून सांगावी आणि मग ‘ग्रुफॅलो’ जागोजागी थांबवत दाखवावा.