२१,८३० रुपये गेले आणि पेपरही गेला

काटोल-नरखेडच्या संत्राबागांतल्या मातीवर माझं चार वर्षांचं काम. त्यावरचा शोधनिबंध, म्हणजे पेपर, एका ‘ओपन अ‍ॅक्सेस’ (वाचकाला फुकट) जर्नलने गिळला. शुल्क १८,५००, त्यावर १८ टक्के जीएसटी ३,३३०, एकूण २१,८३० रुपये. जीएसटीचं बिल आजतागायत आलेलं नाही.

बऱ्याच ओपन अ‍ॅक्सेस जर्नलांत लेखकाला पैसे भरावे लागतात, हे मला ठाऊक होतं. ‘नेचर’ने तर ९,५०० युरो लावले होते, त्यापुढे १८,५०० रास्त वाटले. पेपर नसल्याने प्रमोशनची फाइलही अडली होती.

सोमवारी रात्री पेपर पाठवला, बुधवारी सकाळी स्वीकृतीचं पत्र. रिव्ह्यू दोन ओळींचा: भाषा सुधारा, संदर्भ वाढवा. तक्ता ३ मध्ये चुन्याच्या प्रमाणाचं एकक माझ्याच हातून चुकलं होतं. पत्र वाचताना मला ते दिसलं, रिव्ह्यूवाल्याला दिसलं नव्हतं. अहो, तक्ताच वाचला नाही तर तपासलं काय? तिथेच थांबायला हवं होतं. प्रूफमध्ये दुरुस्त करू म्हणत संध्याकाळी यूपीआय केलं, तेही कुणा व्यक्तीच्या नावावर! जर्नलचा आयएसएसएन पाहून दर्जा ठरवू नका, तो नुसता नोंदणीचा क्रमांक आहे.

साइटवर ‘सीसी बाय’ परवाना लिहिलेला, म्हणजे श्रेय देऊन कुणीही छापावं, भाषांतर करावं. माझ्याकडून मात्र कॉपीराइट लिहून घेतला आणि पीडीएफवर छापलं ‘सर्व हक्क राखीव’. बागायतदारांसाठी मराठी पुस्तिका काढायची तर परवानगीचे ५,००० मागतात. पेपर मागे घ्यायचे १५,०००. ते मी दिले नाहीत, देणारही नाही. सहीआधी परवान्याची ओळ न् ओळ वाचा.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली. पोलीस ठाण्यात म्हणाले, “मॅडम, पेपर तर साइटवर दिसतोय, मग फसवणूक कुठे झाली?” मे महिन्याच्या उन्हात तीन चकरा मारल्या. विद्यापीठाने कॉलेजकडे धाडलं, कॉलेज म्हणतं जर्नल तुम्ही निवडलं. यूजीसीने २०१९ला मान्य जर्नलांची केअर यादी काढली, फेब्रुवारी २०२५मध्ये बंद केली. पारख आता संस्थांनी करायची. आमच्याकडे पारखणारी समितीच नाही! मग जायचं कुणाकडे?

डीओएजे या ओपन अ‍ॅक्सेस जर्नलांच्या ऑनलाइन सूचीत जर्नलचं नाव स्वतः शोधा, साइटवरच्या लोगोवर जाऊ नका. पैसे भरण्याआधी संपादक मंडळातल्या कुणाला तरी मेल करा. मी नंतर केला. त्यांना आपलं नाव तिथे असल्याचंच माहीत नव्हतं.

तक्ता ३ मधली चूक माझ्या नावाखाली अजून तशीच आहे.